धुतलेला खांब

मांजर घरात राहणार की जाणार, हे एका खांबावर ठरणार होतं. सासूबाईंना दमा. मांजर कशालाही नखं घासायची, भुसा उडायचा आणि त्यांना ढास लागायची. नवऱ्याने मला निक्षून सांगितलं होतं, "आईला एकदा जरी दवाखान्यात न्यावं लागलं, तर मांजर गेली समज."

मग मी मांजरींना नखं घासायला असतात त्या खांबांच्या मागे लागले. जरीपटक्याच्या बाजारातून पुठ्ठ्याचा आणला. आठ दिवसांत आमच्या बेसा भागातल्या फ्लॅटभर त्याचा चुरा. गालिचा लावलेल्या खांबात तिची नखं अडकायची. काथ्याचा आणला तो आगीतून फुफाट्यात. नुसता हात लावला तरी धूळ. शेवटी अक्कल आली आणि सुताराकडून करून घेतला. मांजर अंग ताणून उभी राहील त्याहून उंच, खाली जड फळी, कारण खांब एकदा डुगडुगला की मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. वर केकताडाचा, म्हणजे घायपाताच्या वाखाचा, जाड दोर, वेढ्याला वेढा भिडवून. काडीचा कचरा नाही. सासूबाई पलंगावरून मांजरीला म्हणायच्या, "घास वं बाई, घास. तुले तरी काम आहे." चार महिने घरात शांतता होती.

दसरा आला. दीक्षाभूमीवर येणारे गावाकडचे पाहुणे आमच्याकडेच उतरतात, चांगले पंधरा-वीस जण. त्यांच्या आधी मी घर असं धुते, की इथे कोणी राहतच नाही असं वाटावं. पडदे, पंखे, चपलांचा रॅक, सगळं फिनाइलच्या पाण्याने काढलं. हात शिवशिवत होते, खांबही घासला आणि गच्चीवर उन्हात ठेवला. अति तिथे माती, दुसरं काय! दोर वाळून सैल पडला आणि चार महिन्यांत मुरलेला तिचा वास गेला. तिने एकदा हुंगलं, तोंड फिरवलं आणि थेट सासूबाईंच्या गादीला नखं लावली. खोलीभर कापूस. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मांजरीला टोपलीत घालून कळमेश्वरला मित्राच्या शेतावर सोडलं. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार? स्वतःचाच इतका राग मला कधी आला नव्हता.

पाच दिवसांनी सासूबाई घरी आल्या. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मांजर कुठी आहे वं?"

मी सांगितलं.

"काहून पाठवली? खोकत होती मी, मरून नव्हती राहिली. तुम्ही दोघं ड्यूटीवर जाता, दिवसभर कोण आहे मले बोलाले? रविवारी घेऊन ये तिले."

मी आतल्या खोलीत जाऊन मित्राला फोन लावला. तो म्हणाला, टोपली उघडल्याबरोबर मांजर कपाशीत शिरली होती. त्यानंतर ती कोणाला दिसलीच नाही.

हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. आता थंडी संपत आली. दर सोमवारी त्या विचारतात, आणि मी म्हणते, येत्या रविवारी नक्की.