नाकमुरडे मिस्त्रींचं शेवटचं सिलिंडर

काष्टीच्या बाजाररस्त्यावरच्या आमच्या मिस्त्रींच्या चेहऱ्यावर कायम घरात उंदीर मेल्यासारखा भाव असे. गिऱ्हाईक आलं की आधी नाक मुरडायचं, मशीन उघडलं की पुन्हा मुरडायचं. नावच पडलं नाकमुरडे मिस्त्री. मी बांधावरच्या बाभळी विकत घेऊन तोडतो, वखारीला घालतो. त्यामुळे लाकूड कापायचं कटर मशीन आणि हे नाक, दोन्हींशी माझी सारखी गाठ.

त्यांना खरी किळस यायची ती मशीनमध्ये कंपनीकडून बसवून येणाऱ्या सिलिंडरची. पेट्रोल-हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला सिलिंडरच्या भिंतीत जी छिद्रं असतात, ते पोर्ट कोणीतरी झोपेत पाडलेत, असं त्यांचं ठाम मत. "ह्यो पोर्ट हाय का घुशीचं बीळ?" म्हणत ते जुनी लग्नपत्रिका गुंडाळून आत घालत, पोर्टांचे ठसे घेत आणि मशीनला जोर यावा म्हणून बारीक कानशीने घासायला बसत. मधूनमधून बोट फिरवून कड बघत. मनासारखी झाली तरी तोंड वाकडंच.

आमच्या तोडकऱ्यांना मात्र जोरापेक्षा आवाजाचं वेड. "मिस्त्री, पार किंचाळलं पायजे," असं कोणी म्हटलं की ते मशीन परत त्याच्या हातात देत. "आवाज पायजे तर बँजो लावा. धुराचं भोक लई वर नेलं तर नुसतं किंचाळंल, आन् बाभळीत घातलं की मान टाकंल." मागच्या गल्लीत एक जण गिऱ्हाईकाचा चहा पिऊन होईस्तोवर ग्राइंडरने भोकं मोठी करून देई. तिथे लागलेली रांग बघून मला शिसारी यायची.

गेल्या वर्षी माझं सिलिंडर घासताना मिस्त्रींनी कानस खाली ठेवली. "हात कापतोय. एवढं तुमचं करतो, ह्याच्यानंतर न्हाई." त्या एका सिलिंडरवर त्यांनी कितीतरी दिवस घालवले. मग स्वतः माझ्याबरोबर शिवारात आले. मशीन जुनाट बाभळीत न अडखळता शिरलं. मिस्त्री कान देऊन उभे होते, म्हणाले, "बरं हाय." त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

मग खंडेनवमी आली. दम कोंडतो म्हणून माझ्या मेहुण्याने, भाऊसाहेबाने, माझ्या मशीनची हवा गाळायची जाळी काढून ठेवली होती. पूजा झाली. मशीन चालू करून या शहाण्याने येळकोट म्हणत मूठभर भंडारा त्याच्यावर उधळला. सगळा भंडारा मशीनने आत ओढला, एकदा करकरलं आणि बंद पडलं. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मिस्त्रींनी सिलिंडर काढलं. घासून घासून आरशासारख्या केलेल्या पोर्टांत पिवळा चिखल, भिंतीवर लांब ओरखडे.

"देवाचा भंडारा हाय मिस्त्री, त्यानं काय हुतंय?" भाऊसाहेब म्हणाला. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण आधी मिस्त्री त्याला सोलून काढतील म्हणून मी हात आवरला.

 मिस्त्री फडक्याने ते सिलिंडर पुसत राहिले. ओरखडे पुसून जाणारे नव्हते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? शेवटी त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं.

"कंपनीचं नवं बसवून घ्या," ते म्हणाले. "चांगलं आसतं ते बी."