पाखऱ्याच्या गळ्यातला बदाम

आमच्या बजरंग भाऊजींना बोलतं करणं म्हणजे बैलाला जिना चढवण्यासारखं आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते दहावीला होते. तेव्हापासून ते माझ्याशी जेवढं बोलले असतील, तेवढं मी एका सकाळी नळावर बोलते. माणूस लाख मोलाचा, हाताला कला, पण तोंडाला कायमचं कुलूप. त्यांच्या वाटचंही मीच बोलायचं, अशी घरात जणू वाटणीच झाली होती.

आंदर मावळात आमचं गाव डोंगराच्या पोटात आहे. बस दिवसातून दोनदा येते, तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर. भाऊजींसाठी पाहिलेल्या प्रत्येक मुलीने आधी बसची वेळ विचारली आणि मग नकार कळवला. शेती आहे म्हटलं की मुलीचा बाप पाण्याचा पेला उचलायचा आणि विषय बदलायचा.

शेवटी भाऊजी खंडाळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागले. तिथल्या बेकरीचा मुख्य सुहास. तो काही वर्षं जर्मनीत राहून आला होता. ऑक्टोबरात त्या हॉटेलात जर्मन पद्धतीची जत्रा भरते. त्यासाठी सुहास तळहाताहून मोठ्या, बदामाच्या आकाराच्या मसालेदार बिस्किटांचा डोंगर रचायचा. पिठात मध, दालचिनी, लवंग, बडीशेप, सुंठ घालून गोळा रात्रभर मुरत ठेवायचा. मग जाडसर लाटून बदाम कापायचा, वर रिबिनीसाठी दोन भोकं पाडायची आणि भाजायचा. गार झाला की अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर फेटून कागदाच्या कोनातून कडेने झालर काढायची, मध्ये नाव नाहीतर गोड बोलणं लिहायचं. जर्मन पोरं म्हणे जत्रेत हा बदाम आवडत्या पोरीच्या गळ्यात अडकवतात. खायचा कमी, मिरवायचाच जास्त.

एकदा गर्दीच्या दिवसांत कामाला माणूस कमी पडला म्हणून सुहासने भाऊजींच्या हातात तो कोन दिला. पोळ्याला बैलांच्या शिंगांवर वेलबुट्टी काढायची ती आमच्या भाऊजींनीच, अख्खं गाव आपापले बैल घेऊन दारात उभं असायचं. तीच वेल त्यांनी बदामाच्या कडेने फिरवली. त्या दिवसापासून भांडी सुटली. दर ऑक्टोबरात लोकांचं प्रेम लिहून लिहून त्यांची बोटं दुखायची. आमच्या सासूबाई, येसूबाई, एकदा वैतागून म्हणाल्याही, की दुनियेच्या पोरींना बदाम वाटतोय आणि आमच्या घरात एक सून येत नाही.

मग स्नेहलचं स्थळ आलं. कुसगावची मुलगी, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला. पाहायला गेलो तेव्हा तिने बसची वेळ विचारलीच नाही. लग्नानंतर दुकान सोडणार नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं. मग ती भाऊजींना त्यांच्या कामाबद्दल विचारू लागली, आणि उत्तरं मी देऊ लागले. पीठ कसं मळतात, साखर किती फेटतात, सगळं. भाऊजी कपातल्या चहाकडे बघत बसले. तिकडून निरोप आला: मुलगा चांगला दिसतो, पण लग्न त्याच्याशी करायचं आहे की त्याच्या वहिनीशी? त्याने स्वतःच्या तोंडाने काहीतरी सांगावं. आईबरोबर तुमच्या गावच्या जत्रेला येते, तेव्हा ऐकेन. नाहीतर राहू द्या.

निरोप ऐकून मला असा राग आला म्हणता! पण रात्रभर विचार केला, तेव्हा पोरीचं काही चुकलं नाही असंच वाटायला लागलं. आणि तेच जास्त झोंबलं.

भाऊजींनी सुहासला विचारलं. त्याने सांगितलं, बदाम कर, तिच्या गळ्यात घाल, बोलायची गरजच नाही. झालं, भाऊजींचा चेहरा उजळला. त्यांनी त्या एका बदामासाठी मधाऐवजी काकवी घातली, कारण चिक्कीवाल्या मुलीला गुळाची चव कळते. काय लिहिणार म्हणून मी हजारदा विचारलं. दोन-चार ओळी सुचवल्यासुद्धा, चांगल्या यमकातल्या. त्यांनी नकाराची मान हलवली आणि बदाम वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवून दिला.

जत्रेच्या दिवशी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. आमची सजवलेली बैलगाडी देवळाला फेरी मारून नुकतीच थांबली होती. जुवाला पाखऱ्या आणि हरण्या, दोघांच्या अंगावर झुली, शिंगांना गोंडे. माईकवर जत्रा मंडळाचा दत्तोबा देणगीदारांची नावं पुकारत होता. स्नेहल आणि तिची आई गाडीजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी तोंडाला पदर लावला, बोलायचं नाही अशी शपथच घेतली होती.

भाऊजींनी कागद सोडला. लाल रिबीन दोन्ही हातांत धरून ते एक पाऊल पुढे आले, आणि तिथेच गोठले. माझ्याही तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला. अहो, जर्मनीत चालत असेल! आमच्याकडे भर गावासमोर मुलीच्या गळ्यात काही घातलं की माळ घातली, लग्न लागलं. मुलीने हो म्हणायच्या आधीच! समोर तिची आई, मागे अख्खी भावकी. भाऊजींचे हात हवेतच. मागे घ्यावेत तर हसं होणार. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि गर्रकन वळून तो बदाम पाखऱ्याच्या गळ्यात घातला. तोही लिहिलेली बाजू आत करून.

लोकांना वाटलं, सजावट राहिली होती ती पुरी केली. एकाने तर छान दिसतंय म्हणून मान डोलावली. स्नेहलचा चेहरा मात्र उतरला. ती आईला म्हणाली, चल. दातांखाली पदर चावून मी गप्प उभी राहिले, आयुष्यात एवढे कष्ट मी कधी घेतले नव्हते.

तेवढ्यात कडकन आवाज झाला. हरण्याला काकवीचा वास लागला होता. त्याने मान वाकडी करून शेजाऱ्याच्या गळ्यातल्या बदामाचं खालचं टोक तोडलं होतं आणि डोळे मिटून चावत होता. भाऊजी धावले, तोवर अर्धा बदाम गेला होता. रिबिनीला लटकलेला वरचा अर्धा भाग उलटा झाला आणि पांढरी अक्षरं सगळ्यांना दिसली: "स्नेहल, मला".

तिची आई दोन पावलं गेली होती, पण स्नेहल थांबली. परत आली. तिने तो तुकडा हातात धरून वाचला, बाकीचा हरण्याच्या तोंडात शोधला, आणि भाऊजींकडे पाहिलं.

"मला, काय? पुढं काय लिहिलं होतं?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दत्तोबाच्या कर्ण्याकडे पाहिलं. त्यांनी हरण्याकडे पाहिलं, पण तिथूनही मदत येण्यासारखी नव्हती.

"मला तुमी आवडल्या," भाऊजी म्हणाले. आवाज फाटला होता, पण ऐकू आला. "हितं बस दोनदाच येती, ते खरंय. पन तुमी दुकान सोडू नका. मी रोज फटफटीनं खंडाळ्याला जातोच. जाताना दुकानापाशी सोडीन, येताना घ्याया थांबीन. उशीर झाला तर उशिरापोतर थांबीन."

एवढं सलग मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

स्नेहलने पाखऱ्याच्या गळ्यातून रिबीन काढली. आईकडे एकदा पाहिलं. आईने आधी आकाशाकडे पाहिलं आणि मग होकाराची मान हलवली. स्नेहलने तो अर्धा, लाळेने ओला झालेला बदाम सगळ्या गावासमोर भाऊजींच्या गळ्यात घातला. दत्तोबाने देणगीदारांची नावं अर्धवट सोडून माईकवर दोघांची नावं पुकारली, वर मंडळातर्फे नारळही जाहीर केला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर भाऊजी गोठ्यात हरण्याला चारा टाकत होते, बदाम अजून गळ्यातच. मी म्हटलं, आता तरी सांगा, जे बोललात तेच लिहिलं होतं का? त्यांनी हरण्यापुढे आणखी एक पेंढी टाकली.

"न्हाई वहिनी," ते हळूच म्हणाले. "मी लिवलं हुतं, स्नेहल, मला बोलता येत न्हाई."