शून्यावरची ताई

नाव : दादाराव गोंडाणे. वय : छप्पन्न. हुद्दा : खाजगी सचिव, केंद्र सरकार. निवास : वैशाली, गाझियाबाद, तिसरा मजला, लिफ्ट प्रस्तावित. विशेष पात्रता : अधिकाऱ्यांची ज्येष्ठतायादी मुखोद्गत. शेरा : कर्मचारी विश्वासू असून त्यांच्या हातून आजवर कोणाचाही क्रम चुकलेला नाही.

अठ्ठ्याण्णव साली घरात कॉर्डलेस फोन आला, तेव्हा एक बटण दाबलं की नंबर लागेल अशा त्यातल्या दहा जागा त्यांनी याच निष्ठेने भरल्या. एकवर सचिव, दोनवर अतिरिक्त सचिव, असं उतरत उतरत नऊवर कॅन्टीनचे मॅनेजर. उरलेल्या शून्यावर थोरली बहीण गंगुबाई. म्हणजे वर्ध्याकडच्या गावातला तिचा शेजारी शंकर. फोन त्याचा, ताई त्याच्या ओट्यावर येऊन बसायची. नंबरांची जुनी डायरी रद्दीत गेली.

वर्षाने नवे सहसचिव आले. त्यांना तीनवर बसवायचं, तर खालच्या सर्वांना एकेक पायरी उतरणं भाग होतं. दादारावांनी शनिवारी ते चष्मा लावून पार पाडलं. कॅन्टीन शून्यावर आलं.

"आणि आत्या?" मुलीने, उन्नतीने विचारलं.

"ती काय, घरचीच. अकरा वर्षं फिरवलाय नंबर, तोंडपाठ आहे."

"लिख लो ना, बाबा."

"सख्ख्या बहिणीचा नंबर लिहून ठेवू? काहीतरीच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ताईला फोन करायचं ठरलेलं होतं. गावात डोळ्यांचं शिबिर आलं होतं, त्याचा शेवटचा दिवस. ताई मोतीबिंदू काढायला घाबरत होती. "दादाराव हो म्हणाला तर जाईन," एवढंच तिने कबूल केलं होतं.

नऊला त्यांनी कोड फिरवला, पुढे दोन आकडे. त्यापुढचे येईनात. फोन ठेवून पुन्हा उचलला, तर बोट सवयीने शून्यावर गेलं.

"हां जी, गोंडाणेजी?" त्यांचं "हॅलो" ओळखून मॅनेजर जांभई देत म्हणाले.

"कुछ नहीं, बस... नमस्ते कहना था."

"संडे को?"

टेलिफोन चौकशीच्या बाईंनी विचारलं, "किसके नाम पर है?" फोन शंकरच्या वडिलांच्या नावावर होता, आणि त्यांना दादाराव जन्मभर आबा म्हणत आले होते. मग आकडे उलटसुलट लावून पाहिले. एकदा जिनिंग मिल लागली, एकदा रडणारं मूल.

आठवड्याने शंकरचं पत्र आलं. वर नंबर, खाली मजकूर : ताई साडेअकरापर्यंत बसून होत्या, शिबिराची गाडी पेशंट घेऊन दहालाच गेली.

दादारावांनी त्याच संध्याकाळी ताईला एकवर घेतलं. सचिव दोनवर उतरले.

थंडीच्या आत गंगुबाईचा उजवा डोळा गेला.