आत्राम कसा पळला

एकोणसाठ साली मी पलटणीत आलो तेव्हा आमचं ठाणं पंजाबात होतं. मी उमरखेडजवळच्या तांड्यावरचा राठोड, अन् शेजारच्या खाटेवर मुकुटबनचा माधव आत्राम. जिल्हा एकच, यवतमाळ. परमुलखात एवढं नातं बस होते. त्याची बोली कोलामी, माही गोरबोली, म्हून आमी भांडत होतो वऱ्हाडीत.

आत्राम बोलायले कमी, पळायले भल्ला. सुभेदारसाहेबांनी त्याले हर्डल्सले लावलं. एकशे दहा मीटर, वाटेत बेंबीच्या वर येणारे दहा अडथळे. आमचे अडथळे पलटणीच्या सुतारानं सागवानाचे केलते. पाय लागला त आधी नडगी फुटे, मंग अडथळा पडे. म्हून आमी सगळे वीतभर वरून उडत होतो. अन् मैदानाचा कायदा असा, की ज्यानं अडथळा पाडला त्यानंच तो उभा करावा, मंगच पाणी प्यावं.

आत्राम सुट्टीवर गेला की माय विचारे, "सरकार तुले उड्या मारायचं खायले देते काय रे?" तिले वाटे, पोरगं फौजेत काहीतरी हलकं काम करते अन् लपवून राह्यलं. आत्राम मले म्हणाला होता, "एक पदक भेटलं ना राठोड, त मायच्या हातात ठेवतो. मंग तिचा इश्वास बसन." त्याची हाव तेवढीच.

बासष्टच्या आगेमागे आशियातल्या देशांची मोठी स्पर्धा आली, समुद्रापलीकडे. आत्राम निवडला गेला. मीही गेलतो, रिलेच्या संघात राखीव म्हून. माही पळायची पाळी आलीच नाई. त्याचं मले दुःख नाई. जे मी पाह्यलं ते पळणाऱ्याले कुठं दिसते?

पहिल्या फेरीत आत्रामनं घात केला. तिथले अडथळे हलके, पाय लागला की आडवे होणारे. बाकीचे गडी ते खुशाल पाडत चालले अन् आमचा आत्राम वीतभर वरून, जसे काही सागवानाचेच हायेत. जेवढा हवेत राह्यला तेवढा मागे पडला. फायनलमधे कसाबसा घुसला, शेवटच्या जागेवर.

सुभेदारसाहेब तापले. "आत्राम, ऊपर क्या ढूँढ रहा है? लकड़ी गिरती है तो गिरने दे."

"साब, गिराना गलती नहीं है?"

"नहीं है."

"तो उठाएगा कौन?"

साहेब कपाळावर हात मारून निघून गेले.

मी त्याले सरावाच्या मैदानावर नेलं. हातानं एक अडथळा पाडला. आत्राम लगेच उचलायले वाकला. मी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"मले नाई पाहवत बे, पडलेला."

"अबे, शर्यत झाल्यावर उचल तुले उचलाचे तेवढे. पळताना नको."

हे त्याले पटलं. माही अक्कल त्या दिवशी कशी चालली, देव जाणे.

फायनल दुसऱ्या दिवशी दुपारी होती. आता हे मले नीट सांगता येणार नाई. मी बर्फ पाह्यला, तोफा पाह्यल्या, लढाई पाह्यली. पण तसं काही पाह्यलं नाई. बंदूक वाजली. पहिल्या अडथळ्यावर आत्राम उडलाच नाई, ओटा चढावा तसा पाय टाकला अन् पलीकडे गेला. तीन पावलं, अडथळा. तीन पावलं, अडथळा. डोक्यावर भरला हंडा असल्यासारखं त्याचं डोकं सरळ चाललं होतं, अन् खाली पायाचा नुसता कहर. अडथळे पडले, त्यानं ढुंकून पाह्यलं नाई. सातव्यापर्यंत तो दुसरा होता. माह्या शेजारी घोरणारा हा माणूस, याच्यात हे कुठं होतं?

शेवटच्या अडथळ्यावर दोघं त्याच्या बरोबरीले आले. छाती समोर टाकण्यात तो कमी पडला. चौथा आला. पदकं तिघाईलेच.

आत्राम गुडघ्यावर हात टेकून उभा राह्यला. मंग वळला, आपल्या लेनमधून उलटा चालत गेला अन् पाडलेले अडथळे उभे करायले लागला. एक पंच धावत आला, हातवारे करून हाकलू लागला. आत्रामनं त्याले कडक सॅल्यूट ठोकला अन् राह्यलेला अडथळाही उभा केला. आधी लोक हसले. मंग सारं स्टेडियम उभं राह्यलं. तेवढ्या टाळ्या पदकवाल्याईलेही भेटल्या नाई.

परतताना तो एवढंच म्हणाला, "मायले काय दाखवू?"

"पुढच्या वेळी दाखव," मी म्हटलं.

पुढची वेळ आली नाई. पासष्टच्या लढाईत आमची कंपनी नाला ओलांडून समोरच्या मोर्च्यावर चालली होती. मी मागे वायरलेसवर. कमांडरसाहेबांचा आवाज आला, "आत्राम डाउन. ओव्हर."

"से अगेन."

त्यांनी पुन्हा तेच सांगतलं. मी रॉजर म्हटलं, म्हंजे ऐकलं, समजलं. तिथं दुसरं काही म्हणता येत नाई.

लढाई थांबल्यावर मी मुकुटबनले गेलो. माय अंगणात बसली होती. मी नाव सांगतलं त तिनं मले खालपासून वरपर्यंत पाह्यलं.

"तू होता ना त्याच्यासंगं, समुद्रापलीकडे? खरंच पळला काय रे तो?"

"पळला माय. मी डोळ्यानं पाह्यलं."

"मंग सांग."

मी तिच्यासमोर खाली बसलो. बंदूक वाजली तिथून सुरू केलं. चौथा आला तेही सांगतलं, लपवलं नाई. टाळ्याही सांगतल्या. माय डोळे मिटून ऐकत राह्यली. मी थांबलो त म्हणाली, "माहा माधव एवढा पळे, अन् मी त्याले हसत होती."

मंग पदरानं तोंड पुसलं. "अजून एकदा सांग."

ती होती तोवर प्रत्येक सुट्टीत मी मुकुटबनले जात राह्यलो, अन् प्रत्येक वेळी तिनं हेच ऐकलं. आता ती नाई, म्हून तुमाले सांगून राह्यलो.