टेपचं टोक माह्या हातात

त्या सकाळी शाळंमांगच्या मैदानावर आमी चौघं होतो. मी, माहा पोरगा, त्याची पोरगी म्हणजे माही नात, आन् मेडशीहून यष्टीनं येऊन पोरींले पोलीस भरतीसाठी पळवणारा मास्तर.

मास्तरनं आपलं घड्याळ नातीच्या मनगटाले बांधलं. आठशे मीटर झाले का ते वाजे. पोरगी मैदानाले गोल पळली, साडेपाच चकरांवर घड्याळ वाजलं, आन् मास्तरनं मान हालवली. म्हणे लय वेळ लागून राह्यला, काळजाचे ठोकेबी मिनिटाले दोनशेच्या वर, हिले झेपत नाई. माहा पोरगा वाटच पाहून होता. म्हणे मंग बंद कर पळणं, सोयरीक आली आहे, दिवाळी झाली का उरकून टाकू.

नात खाली पाहून उभी होती. मी जवळ गेली.

"आजी, मले अजून पळता येते," म्हणे.

ती धाप न लागता सरळ बोलून राह्यली होती. घड्याळ बारक्या मनगटावर बांगडीवानी फिरे. ते काय ठोके मोजन?

मी मास्तरले म्हटलं, मैदान मोजा. तो हासला. म्हणे आजी, हे घड्याळ वरच्या उपग्रहावरून मोजते.

पोरगा म्हणे, "माय, तुले यातलं काय समजते?"

"माप समजते मले."

नवरा गेल्यावर मी बारा वर्षं रोजगार हमीवर मुरूम खोदला. मुकादम खड्डा मोजतांना टेपचं टोक बुडाले टेकूच देत नव्हता, म्हणजे खोली कमी भरे आन् मजुरीबी कमी. एक डाव मी खड्ड्यातच बसून राह्यली. टोक टेकवलं तवाच निंगाली.

शाळंतून टेप आणली. टोक मी धरलं, पळाची वाट धरून पूर्ण चक्कर मोजली. एकशेसाठ मीटर भरली. म्हणजे पाच चकरांत आठशे. पोरगी तं साडेपाच पळली होती. मंग मास्तरच म्हणे, लहान गोलात घड्याळ कोपरे कापते, अंतर कमी धरते.

दुसऱ्या दिवशी घड्याळ काढून पाच चकरा पळवली. मास्तरनं मोबाईलवर वेळ धरला. भरतीच्या वेळेपेक्षा जराशीच मांगं राह्यली. मी पोराले म्हटलं, भरती होयेपर्यंत सोयरीकचं नाव काढाचं नाई. त्यानंच पाव्हण्यायले फोन करून थांबाले सांगतलं.

हे वाचणाऱ्याले एकच मागणं आहे. घरच्या पोरीचं पळणं बंद कराच्या आधी जागा मोजून घ्या, आन् टेपचं टोक सोता धरा.