बुडालेल्या झाडांचे मालक

आमच्या तळ्यावरच्या गोष्टी सांगायला बसले की ऐकणारे हसतात आणि मला जास्तच राग येतो. एक ओढावी तर तिला गुंतून दुसरी येते, गळाबरोबर शेवाळ यावं तशी. हसण्यासारखं त्यात काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हीच सांगा.

खटकलं पहिल्याच रविवारी. मंठ्याच्या पुढं एका गावात मी शाळेवर नुकतीच रुजू झाले होते. (गावाचं नाव सांगत नाही. नोकरी अजून तिथंच आहे.) दुष्काळी कामावर बांधलेलं तळं गावाला लागूनच. आमचे हेडमास्तर सुट्टीच्या दिवशी चार जणांना घेऊन तिथं गळ टाकून बसायचे. मला मासे धरायची हौस, म्हणून मीही गेले. सरांनी पाण्यातून शेंडा वर काढलेल्या एका वाळक्या बाभळीजवळ गळ सोडला आणि हातभर लांब मरळ ओढून काढली. मी टाळ्या वाजवणार, तर कुणाच्या तोंडावर हसू नाही! सगळे मागं वळून बघताहेत.

मागून गावातले एक शेतकरी, रंगनाथराव, आले. हातात गळ नाही, काठी नाही, नुसती पिशवी. सरांनी मरळ कापली, मधला जाड भाग त्या पिशवीत टाकला आणि डोकं-शेपूट स्वतःकडं ठेवलं. यांना कशाला, असं मी विचारलं.

"बाभूळ त्यांची हाय," सर म्हणाले. जसं काही दोन अधिक दोन चार सांगावं!

•

तर प्रकार असा. तळं व्हायच्या आधी तिथं शेतं होती. शेतं पाण्याखाली गेली, मालकी गेली नाही. आपल्याला दिसतं सपाट पाणी आणि त्यातून वर आलेले मेलेल्या झाडांचे सांगाडे. गावाला त्याच पाण्यात बांध दिसतात, विहीर दिसते, कुणी कुणाच्या शेतात बैल घातले होते तेही दिसतं. झाडाच्या बुंध्याशी मरळ दडून बसते, म्हणून मरळ झाडवाल्याची. धरणाऱ्यानं फक्त धरायची.

मी बी. ए.ला अर्थशास्त्र घेतलेलं. मी रंगनाथरावांना नीट समजावलं की जमीन सरकारनं घेतली, मावेजा दिला, तिथं तुमचा संबंध संपला. त्यांनी अगदी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मावेजा जमिनीचा भेटला, बाई. झाडाचा कुठं भेटला?"

सगळ्या मंडळींनी माना डोलावल्या. मोजणीला आलेले साहेब ऊन झालं म्हणून झाडं न मोजताच परत गेले होते म्हणे. चूक साहेबाची आणि दंड मरळीला!

•

मी सखूमावशीकडं राहायचे. आईची चुलतबहीण. बौद्धवाड्यात तिची दोन खोल्यांची जागा. त्या संध्याकाळी मी रागारागात भाकरी खात तिला विचारलं, की ह्या एवढ्या तळ्यात आपलं एखादं झाड का नाही?

मावशी हसली नाही. शेत असतं तर झाड असतं, एवढंच म्हणाली. दुष्काळात तिनं आणि काकांनी त्याच तळ्याच्या भिंतीवर दगड-माती वाहिली होती. तिच्या डोक्यावर मधोमध अजून केस विरळ आहेत, टोपल्यांमुळं.

मग भांडी घासता घासता म्हणाली, "झाड न्हाई आपलं. पण भिंत आपली. तिच्यावर बसायला कोणी ना म्हन्लं तर माझ्याकडं धाड."

तेव्हापासून मी भिंतीवरच बसते. कुणी ना म्हणालं नाही. मावशीचा आवाज सगळ्या गावाला माहीत आहे.

•

आता माझ्याबद्दलही सांगते, नाहीतर सर सांगतील आणि मीठमसाला लावून सांगतील. मी दचकते. शाळेची घंटा झाली तरी दचकते, आणि घंटा वाजवायला सांगणारी मीच असते! एकदा माझ्या गळाला जोरात हिसका बसला. मी किंचाळले आणि काठी तळ्यात फेकून दिली. काठी पाण्यावर झाडाझाडांतून हिंडत राहिली, तिला ओढणारी मरळ खाली. आणि भिंतीवर काय चाललेलं? तर काठी आता कुणाच्या शेतातून चालली, त्याचं धावतं वर्णन!

"दगडूरावच्या बोरीखालून गेली. आता रंगनाथरावाच्या हद्दीत आली बघा."

मला धीर देण्याचं कुणाला सुचलं नाही. शेवटी सरच म्हणाले, "बाई, भ्यायला मासा पाहिजे. तुम्ही कशाला भिऊ राह्यल्या?"

•

माझ्याकडं एक चीज अशी होती, की जी गावात कुणाकडंच नव्हती. माझे मामा रेल्वेत होते. मासे धरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गांडूळ, बेडूक त्यांनी कधी वापरलं नाही. शिसं वितळवून बोराएवढं डोकं ओतायचं, त्यात गळ बसवायचा, मागं कोंबड्याची पिसं आणि लाल लोकरीचं शेपूट बांधायचं. तंगूसाच्या दोऱ्याला बांधून ते भिरकवायचं, तळाला जाऊ द्यायचं, आणि मग हळूच उचलायचं, सोडायचं, उचलायचं, सोडायचं. मरळीला वाटतं काहीतरी जिवंत नाचतंय. मामा त्याला नाचरी म्हणायचे. मला त्यांनीच शिकवलं.

पण नाचरी तळाशी नाचवायची म्हणजे बुडलेल्या फांद्यांत अडकणारच. आणि इथला दुसरा कायदा असा, की झाडात अडकलं ते झाडाचं! ओढताना दोरा तुटला की नाचरी गेली. मी रात्ररात्र जागून शेपटं बांधायची आणि गावच्या बाभळींना दान करायची.

उन्हाळ्यात पाणी हटलं, झाडं उघडी पडली. मी धावत गेले. एकाही फांदीवर माझी एकही नाचरी नव्हती. मालक आधीच फिरून गेले होते.

त्या सापडल्या पोळ्याला. दगडूरावांची खिल्लारी जोडी मिरवणुकीत आली. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि कपाळावर एका ओळीत माझ्या नाचऱ्या! गळाची टोकं कापून टाकलेली, लाल शेपटं झुलताहेत. मी ओरडले, "अहो, ह्या माझ्या आहेत!"

सरांनी माझा हात दाबला. "बाई, आज बैलाला काई म्हणू नका. पाया पडा."

पडले. काय करता! आणि दगडूरावांच्या घरातून मावशीकडं पुरणपोळी आली, तीही खाल्ली. रागानंच खाल्ली.

•

तळ्याच्या मधोमध एक कडूलिंब आहे. वाळून पांढरा झालेला, पण उंच. त्याच्या आसपास कुणी गळ टाकत नाही. सगळ्यांत मोठ्या मरळी तिथंच उसळ्या मारतात, आणि मंडळी नुसती बघत बसतात.

कारण लिंब बांधावरचा. एका अंगाला रंगनाथरावांचं शेत, दुसऱ्या अंगाला दगडूरावांचं. दोघं चुलतभाऊ. झाड कुणाचं, यावर दोघांच्या बापांपासून दावा चालू आहे. झाड बुडालं, बांध बुडाला, शेतं सरकारची झाली, दावा मात्र कोरडाच्या कोरडा! दोघंही भिंतीवर एकमेकांकडं पाठ करून बसतात, जणू बांध मधून गेलाय.

सरांनी मला बजावून ठेवलं होतं, की त्या झाडाला बिलकुल हात लावायचा नाही. तळं व्हायच्या आधी एका पाहुण्यानं दात घासायला त्याची काडी मोडली. तो बिचारा अजून तारखेला येतो. साक्षीदार म्हणून!

•

आणि आता ते, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

मामा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या हातची एकच नाचरी माझ्याकडं उरली होती. शेपटाची लोकर विटलेली. मी ती कधी पाण्यात घालत नव्हते. पण त्या रविवारी इतर सगळ्या संपल्या होत्या, आणि लिंबाच्या अलीकडं एक मरळ अशी काही उलटली की माझा हात थांबेना. म्हटलं, एकदाच. दोरा गरगर फिरवून सोडला. वाऱ्यानं उचलला आणि नाचरी नेमकी लिंबाच्या फांदीला जाऊन बसली. हिसका दिला तर दोरा तुटून हातात आला.

लाल शेपूट तिथं वाऱ्यावर हलत होतं. वाऱ्याचा आणखी एक हिसका, की गेलं पाण्यात.

मी रंगनाथरावांकडं पाहिलं, त्यांनी दगडूरावांच्या दिशेनं हनुवटी उडवली. दगडूरावांनी तोंड फिरवलं. सर म्हणाले, बाई, दुसरी करा. दुसरी! मामा कुठून आणू दुसरा?

काठाला बाजेखाली ट्रकच्या ट्यूबा बांधून केलेला सरांचा तराफा होता. मला पोहता येत नाही. कोणी थांबवायच्या आत मी त्यावर बसले आणि काठीनं ढकलत निघाले. मागून सर ओरडत होते. मी पोचले, फांदीला लोंबणारं दोऱ्याचं टोक धरून ओढलं, येईना. म्हणून फांदीवर चढले. नाचरी सोडवली, मुठीत घेतली, आणि तेवढ्यात वरच्या फांदीवरून एक पाणकावळा फडफडत माझ्या कानावरून गेला.

मी दचकले. पायानं तराफ्याला लाथ बसली. तराफा निघाला वाऱ्याबरोबर पलीकडच्या काठाला.

वाळकी फांदी खाली कुरकुरत होती. मी खोडाला मिठी मारली आणि हाका मारायला लागले. सर! अहो सर! रंगनाथराव! दगडूराव! पाण्यावरून आवाज चांगला जातो, आणि येतोही. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. पोहता सगळ्यांना येतं हो! पण उठेना कुणी. झाडापर्यंत जाणारा त्या झाडाचा साक्षीदार होणार. आणि मालक गेला तर दुसरा म्हणणार, कब्जा केला.

मी रडकुंडीला येऊन पुन्हा हाक मारली. सरांचा घाबरलेला आवाज तेवढा आला, माझ्यासाठी नव्हे, त्या दोघांसाठी.

"सरकारी बाई हायेत. पडल्या-बिडल्या तर पोलीस पहिलं हेच इचारतील, झाड कोणाचं?"

फांदीनं आणखी एक आवाज केला. रंगनाथराव काहीतरी पुटपुटले. दगडूराव त्याहून हळू काहीतरी बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांची तोंडं एकमेकांकडं होती.

मी डोळे मिटले आणि शेवटची म्हणून, असेल नसेल तेवढा जीव एकवटून हाक मारली, "मावशीऽऽ!"

भिंतीच्या पलीकडं सखूमावशी शेळीला गवत कापत होती. ती विळ्यासकट भिंतीवर आली. तिनं सरांना काहीतरी विचारलं, त्या दोघांना काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं, चार माणसांच्या देखत वदवून घ्यावं तसं. मग पदर खोचला, माझ्याकडं तोंड केलं, आणि सगळ्या तळ्यावर तिचा आवाज आला:

"पोरी, उतरू नको! दोघं बी म्हणू राह्यले झाड माझं न्हाई. बस तशीच घट धरून, आपलं होऊ दे!"