साहेबांच्या वंशावळीतली तुटक रेघ

दुबईतली बांधकामं थांबली त्या हिवाळ्यात आमच्या मजल्यावर चाळीस जण बसत होते. मे उजाडेपर्यंत आम्ही चौघं उरलो. मी ड्राफ्ट्समन. जबल अलीजवळच्या ज्या वसाहतीचे नकाशे दोन वर्षं काढत होतो, ती ‘होल्ड’वर गेली आणि माझ्याकडे आखायला रेघही उरली नाही.

मार्चमध्ये मुलीची परीक्षा संपताच तिला आणि बायकोला मी पुण्याला पाठवलं होतं. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार, महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागणार. त्यापेक्षा शाळा आधीच तिकडे सुरू झालेली बरी. दुबईच्या करामा भागातला फ्लॅट सोडून मी एका खोलीत राहायला गेलो. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी तर दिवसभरात मला माझा आवाज एकदाच ऐकू यायचा, खालच्या कॅफेटेरियात चहा सांगताना.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर साठी ओलांडलेले ऑस्ट्रेलियन होते. बायको वारलेली, मूल नाही. एक दिवस ते एक जाडजूड फाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

“तुला काम नाही, मलाही नाही,” ते म्हणाले. “माझ्या घराण्याची वंशावळ काढून देशील?”

त्यांचे पणजोबा-पणजी आयर्लंडहून जहाजाने ऑस्ट्रेलियात गेलेले. तिथे जंगल तोडून त्यांनी शेत केलं, गाई पाळल्या. डिसेंबरात सगळे वंशज त्याच गावी जमणार होते आणि साहेबांना तिथल्या भिंतीवर लावायला मोठा नकाशा हवा होता.

रोज सकाळी ते शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि नावं वाचून दाखवायचे. कोण घोड्यावरून पडून गेला, कोणी दोन लग्नं केली. मी सवयीने डाव्या बाजूला वर्षांची पट्टी आखली होती आणि प्रत्येकाची चौकट त्याच्या जन्मसालासमोर बसवत होतो. पणजीची सात मुलं दोन-दोन वर्षांच्या अंतराने ओळीत बसली. मग सात वर्षं कोरी गेली आणि एकदम आठवा मुलगा आला.

“सर, हे साल बरोबर आहे का?”

“चर्चच्या दाखल्यातलं आहे. का?”

“आईचं वय एक्कावन्न येतंय.”

त्यांनी चष्मा लावला आणि स्क्रीनवर बोट ठेवून वर्षं मोजली. मग बोट थोरल्या मुलीच्या चौकटीवर गेलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने कधीच लग्न केलं नव्हतं.

“तो आठवा म्हणजे माझे आजोबा,” ते म्हणाले आणि उठून गेले.

दोन दिवस त्यांच्या केबिनचं दार बंद होतं. मला उगाच विचारलं असं झालं. दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच माणूस होता. संध्याकाळी बायकोला फोनवर सगळं सांगितलं. तिने विचारलं,

“म्हणजे त्या आठव्याने तिला कधी आई म्हटलंच नसेल ना?”

“नसेल.” मग मी विचारलं, “आपली पोरगी कुठंय?”

“क्लासला. तुझा फोन येतो तेव्हा ती नेमकी क्लासलाच असते.”

तिसऱ्या दिवशी साहेब परत येऊन बसले. “थोरली शेवटपर्यंत आजोबांच्या घरी राहिली,” ते म्हणाले. “ते तिला बहीण म्हणायचे. तिच्या थडग्यावरही तेच कोरलंय.” मग त्यांनी विचारलं, “आता हे दाखवायचं कसं?”

“जे आहे पण वरून दिसत नाही, ते आम्ही तुटक रेघेने दाखवतो, सर.”

“काढ.”

मी थोरलीच्या चौकटीपासून आठव्याच्या चौकटीपर्यंत रेघ काढली. पण ते तिच्याकडे बघतच राहिले आणि शेवटी दोन प्रती काढायला सांगितल्या, एक रेघेची, एक बिनरेघेची. समारंभात कुठली लावू, असं त्यांनी मला विचारलं. मी दोन्ही प्रती गुंडाळून त्यांच्या हातात दिल्या. ऑगस्टमध्ये ते कायमचे परत गेले तेव्हा दोन्ही गुंडाळ्या सोबत घेऊन गेले. पुढच्याच महिन्यात माझीही नोकरी गेली. नशिबाने अबू धाबीजवळच्या मुसफ्फात एका लोखंडी फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम मिळालं. मुलगी पुण्यात रुळली होती, तेव्हा मी एकटाच तिथे राहायला गेलो.

जानेवारीत साहेबांची मेल आली. त्यांनी बिनरेघेचा नकाशा लावला होता. त्यांची नव्वदीची आत्या भिंग घेऊन बराच वेळ त्याच्यासमोर बसली. मग तिने थोरल्या मुलीच्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, “ही माझी आजी अशी एका बाजूला का?” तिला हे लहानपणापासून ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नव्हती. साहेबांनी गाडीतून दुसरी गुंडाळी आणली आणि पहिलीच्या जागी लावली.

मी कारखान्याच्या कँटीनमध्ये बसून उत्तर लिहायला घेतलं. मुसफ्फाबद्दल, मुलीबद्दल, इथे दुपारी जेवताना समोरची खुर्ची रिकामी असते त्याबद्दल बरंच लिहिलं. मग ते पुसलं आणि दोनच ओळी पाठवल्या: नकाशा कामी आला, आनंद वाटला. तब्येत सांभाळा.

त्यानंतर त्यांची मेल आली नाही. मीही लिहिलं नाही.